मोटर प्रोटेक्शन रिलेमधले शब्द: नेमप्लेटपासून ट्रिप रेकॉर्डपर्यंत एकेक सेटिंग समजून कसं टाकायचं

मोटरला जळण्यापासून वाचवणाऱ्या नवीन न्यूमेरिकल (म्हणजे आत मायक्रोप्रोसेसर असलेल्या) रिलेचा मेनू उघडला की थर्मल कपॅसिटी, नेगेटिव्ह सिक्वेन्स, स्टॉल, जॅम, हॉट-कोल्ड रेशो असली नावं रांगेने येतात आणि चांगला अनुभवी वायरमनही जरा थबकतो. मग बहुतेक ठिकाणी काय होतं, फुल लोड करंट तेवढा टाकतात, बाकी सगळं कंपनीने दिलंय तसंच सोडतात, आणि पुढे नको तेव्हा ट्रिप यायला लागलं की प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसतात म्हणून एकेक फंक्शन ऑफ करत सुटतात. शेवटी तो महागडा रिले पॅनलवर नुसता ॲमीटर म्हणून उरतो.

माझं म्हणणं एवढंच की हे शब्द पाठ करू नका. मोटर कशाकशाने जळते ते बघा, प्रत्येक शब्द त्यातल्या एकेका कारणावरचा बंदोबस्त आहे. कारण कळलं की सेटिंगचा आकडा कुठून आणायचा तेही कळतं, आणि तो आकडा मोटरच्या कागदावरून आणि लोडवरून येतो, "कितीवर ठेवलं म्हणजे ट्रिप होत नाही" यावरून नाही.

उदाहरणाला एक मोटर धरू: १५ किलोवॅट म्हणजे २० एचपी, ४१५ व्होल्ट, नेमप्लेटवर २७ ॲम्पिअर, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटने सुरू करून मग डेल्टात टाकणारा). एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये कॉम्प्रेसरला नाहीतर पंपाला अशी मोटर सापडेल.

पहिलं काम: नेमप्लेट पुसून वाचा

रिलेला हात लावायच्या आधी मोटरवरची ग्रीस पुसून नेमप्लेट वाचायची. तिथे जो ॲम्पिअरचा आकडा आहे तोच फुल लोड करंट, एफएलसी. एचपीला १.४ ने गुणायचं हा हिशोब सगळ्यांना पाठ असतो, २० एचपीला २८ येतात आणि ते जवळपास बरोबरही असतं, पण तो केबल काढायला ठीक, रिले सेट करायला नेमप्लेटच. कारण पोल जास्त असले, म्हणजे मोटर हळू फिरणारी असली, की पॉवर फॅक्टर पडतो आणि तेवढ्याच एचपीला करंट जास्त लागतो.

त्याच प्लेटवर इन्सुलेशन क्लास असतो. क्लास बी म्हणजे १३० अंश, क्लास एफ म्हणजे १५५ अंश सेल्सिअसपर्यंतचं वाइंडिंग. जाणकारांचा जुना ठोकताळा असा की इन्सुलेशन त्याच्या मर्यादेपेक्षा कायम १० अंश जास्त तापलं तर त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे थोडासा ओव्हरलोड मोटर लगेच जाळत नाही, पण आयुष्य खातो, आणि त्याचं बिल दोन वर्षांनी रिवाइंडिंगवाल्याकडून येतं तेव्हा कुणाला आजचं सेटिंग आठवत नाही.

मोटर मोठी असेल तर डेटाशीट मागून घ्या, त्यात तीन गोष्टी प्लेटवर नसणाऱ्या मिळतात: लॉक्ड रोटर करंट (रोटर अडकलेला असताना मोटर घेते तो) एफएलसीच्या किती पट, स्टार्ट व्हायला किती सेकंद, आणि गरम व थंड अवस्थेतला सेफ स्टॉल टाइम (अडकलेली मोटर न जळता किती सेकंद सोसते तो). मोटर रिवाइंड झालेली असेल तर प्लेटवर डोळे झाकून विश्वास नको, तार किंवा टर्न बदललेले असू शकतात. नो-लोडला तिन्ही फेजचा करंट मोजून बघा, सारख्याच दुसऱ्या मोटरशी ताडून बघा, फरक मोठा दिसला तर रिवाइंडिंगवाल्याला बोलवा.

बायमेटल रिले: सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त चुकीचा लावलेला

काँटॅक्टर म्हणजे कॉइलवर चालणारा, मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच. त्याच्या खाली लागतो तो ओव्हरलोड रिले, आपण ओएलआर म्हणतो. आत प्रत्येक फेजला दोन धातूंची पट्टी, करंटने तापली की वाकते आणि काँटॅक्ट उघडते. ९५-९६ हा एनसी (एरवी जोडलेला) काँटॅक्ट, तो काँटॅक्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये. ९७-९८ हा एनओ (एरवी उघडा), ट्रिपच्या दिव्याला किंवा हूटरला. हा रिले पॉवर स्वतः तोडत नाही, कॉइलचा सप्लाय तोडतो, तोडायचं काम काँटॅक्टरचं. म्हणून ९५-९६ ला कुणी जंपर मारलेला असेल तर डायल कितीही अचूक लावा, रिले आतल्या आत ट्रिप होत राहील आणि मोटर मजेत जळत राहील. जुनं पॅनल हातात घेतलं की सगळ्यात आधी हा जंपर शोधायचा.

आता स्टार-डेल्टा. रिले मेन काँटॅक्टरच्या खाली, म्हणजे मोटरच्या तीन लीडमध्ये बसवलेला असेल (आणि बहुतेक वेळा तिथेच असतो) तर डेल्टामध्ये त्यातून लाइन करंट जात नाही, फेज करंट जातो. फेज करंट लाइन करंटच्या ०.५८ पट. आपल्या मोटरला २७ गुणिले ०.५८, म्हणजे १५.७ ॲम्पिअर. डायल १५.७ वर पाहिजे. पण प्लेटवर २७ दिसतात म्हणून डायल २७ वर फिरवून ठेवलेले कितीतरी स्टार्टर सापडतात, आणि त्याचा अर्थ असा की लाइनमध्ये ४६-४७ ॲम्पिअर गेले तरी रिलेला सगळं आलबेल वाटणार. रिले लाइनमध्ये, स्टार्टरच्या वरच्या बाजूला असेल तर मात्र पूर्ण २७. कुठे बसलाय ते वायर हाताने ट्रेस करून बघा, ड्रॉइंगवर जाऊ नका.

दुसरी अशीच फसगत कपॅसिटरची. पॉवर फॅक्टर सुधारायचा कपॅसिटर रिलेच्या खाली, थेट मोटरच्या टर्मिनलला जोडलेला असेल तर मोटर २७ घेत असली तरी रिलेतून कमी करंट जातो. ०.८५ चा पॉवर फॅक्टर ०.९५ झाला तर रिलेला साधारण २४ च दिसतील. मग सेटिंगही त्याच प्रमाणात खाली आणायला लागतं.

रिसेटचा खटका हँड आणि ऑटो असा असतो. प्रेशर स्विच, फ्लोट स्विच असल्या दोन वायरच्या कंट्रोलवर चालणारी मोटर असेल तर ऑटो अजिबात ठेवू नका, पट्टी थंड झाली की मोटर आपोआप सुरू होते आणि त्या वेळी कुणाचा तरी हात बेल्टवर असू शकतो. आणि सिंगल फेज मोटरवर हा तीन पोलचा रिले वापरायचा असेल तर वायर तिन्ही पोलमधून सिरीजमध्ये फिरवून घ्या, नाहीतर फेज-लॉस ओळखणारा रिले एक पोल रिकामा बघून ट्रिप होत राहतो.

ट्रिप क्लास

डायलशेजारी १०ए, १०, २० किंवा ३० असं छापलेलं असतं त्याकडे कुणी बघत नाही. आयईसी ६०९४७-४-१ या स्टँडर्डप्रमाणे सेटिंगच्या ७.२ पट करंट थंड रिलेतून सोडला तर किती वेळात ट्रिप व्हायला पाहिजे ते हा क्लास सांगतो: १०ए ला २ ते १० सेकंद, क्लास १० ला ४ ते १०, क्लास २० ला ६ ते २०, क्लास ३० ला ९ ते ३०. ७.२ पट का, तर मोटर अडकली की साधारण तेवढाच करंट घेते. दुसऱ्या टोकाला, १.०५ पटीला दोन तासांत ट्रिप होता कामा नये आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत व्हायलाच पाहिजे. म्हणजे दहावीस टक्के ओव्हरलोडला रिले लगेच उडत नाही याचा अर्थ तो बिघडलाय असा नाही, त्याला तसंच बनवलंय.

क्लास ठरवायचा तर मोबाइलचं स्टॉपवॉच आणि टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) घ्या, स्टार्ट दिल्यापासून करंट नॉर्मलला येईपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. पंपाला चार-पाच सेकंद लागत असतील तर क्लास १० पुरतो. मोठा ब्लोअर पंधरा सेकंद घेत असेल तर क्लास २० नाहीतर ३० लागणार, पण आधी मोटर तेवढा वेळ तो करंट सोसते का ते डेटाशीटवर बघून. स्टार्टला ट्रिप होतंय म्हणून क्लास तोच ठेवून डायल वर सरकवणं हा सगळ्यात वाईट उपाय, त्याने स्टार्टचा प्रश्न कसाबसा सुटतो आणि रनिंगचं संरक्षण कायमचं जातं.

थर्मल इमेज (४९): रिलेच्या डोक्यातली मोटर

इथून पुढे इलेक्ट्रॉनिक आणि न्यूमेरिकल रिले. कंसातले आकडे अमेरिकन पद्धतीचे फंक्शन नंबर आहेत, आयईईई सी३७.२ मधले. ड्रॉइंगवर आणि डिस्प्लेवर तेच येतात म्हणून ओळखीचे असलेले बरे.

४९ म्हणजे थर्मल ओव्हरलोड. रिले करंटच्या वर्गावरून मोटर किती तापली असेल याचा सतत हिशोब ठेवतो, त्याला थर्मल इमेज किंवा थर्मल कपॅसिटी वापरली असं म्हणतात आणि ती टक्क्यांत दाखवतो. १०० टक्के झाले की ट्रिप. बराच वेळ शांत चाललेल्या मोटरला ७०-८० टक्के दिसले तर घाबरायचं काही नाही.

हा हिशोब किती वेगाने चढायचा ते थर्मल टाइम कॉन्स्टंट ठरवतो, मिनिटांत असतो. आकड्याने बघू. टाइम कॉन्स्टंट २० मिनिटं, ओव्हरलोडची सुरुवात १.०५ पटीला, आणि करंट दीडपट झाला. मोटर पूर्ण थंड असेल तर ट्रिप यायला साधारण साडेतेरा मिनिटं लागतात. तीच मोटर आधी ९० टक्के लोडवर तासन्‌तास चाललेली असेल तर साडेचारच मिनिटं. तापलेल्या तव्यावर दुसरी भाकरी लवकर भाजते, तसंच. म्हणून मॅन्युअलमध्ये कोल्ड कर्व्ह आणि हॉट कर्व्ह असे दोन आलेख असतात, आणि "काल दहा मिनिटं टिकली, आज पाचव्या मिनिटाला कशी उडाली" या भांडणाचं उत्तर तिथे सापडतं.

कूलिंग टाइम कॉन्स्टंट वेगळा टाकायचा असतो. मोटर बंद झाली की शाफ्टवरचा पंखाही बंद, त्यामुळे थंड व्हायला तापण्यापेक्षा दुप्पट ते चौपट वेळ लागू शकतो. तो कमी टाकला तर रिलेच्या हिशोबात मोटर गार झालेली असते आणि खऱ्या वाइंडिंगला हात लावला तर चटका बसतो.

ट्रिपनंतर "थर्मल इनहिबिट" किंवा "स्टार्ट ब्लॉक" दिसतं आणि रिसेट होत नाही. रिले म्हणतोय की आत्ता स्टार्ट दिला तर त्या स्टार्टलाच मोटर १०० टक्के पार करेल. काही साध्या इलेक्ट्रॉनिक रिलेंचा ऑक्झिलरी सप्लाय काढून परत दिला की ही मेमरी पुसते, आणि नाइट शिफ्टला ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. रिलेची मेमरी पुसली जाते, तांब्याची नाही. चांगल्या रिलेत इमर्जन्सी रिस्टार्ट वेगळा असतो आणि तो कधी वापरला याची नोंद राहते, तोच वापरा, तोही फायर पंपासारख्या ठिकाणी.

नेगेटिव्ह सिक्वेन्स आणि अनबॅलन्स (४६): इथे जरा थांबू

आपल्याकडे मोटर जळायचं हे मोठं कारण, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

तिन्ही फेजचे करंट सारखे नसले की गणिताने त्याचे दोन भाग पाडता येतात, एक सरळ फिरणारं फील्ड आणि एक उलटं फिरणारं. उलट्याला नेगेटिव्ह सिक्वेन्स म्हणतात. रोटर सरळ दिशेने पूर्ण वेगात फिरतोय, त्यामुळे त्याला हे उलटं फील्ड जवळपास १०० हर्ट्झचं दिसतं, एवढ्या फ्रिक्वेन्सीला करंट रोटर बारच्या वरच्या थरातच दाटतो आणि बार भराभर तापतात. वाईट भाग असा की थोड्याशा व्होल्टेज अनबॅलन्सने करंटचा अनबॅलन्स मोठा होतो: सहापट स्टार्टिंग करंटच्या मोटरला १ टक्का नेगेटिव्ह सिक्वेन्स व्होल्टेज मिळालं की करंटमध्ये ते साधारण ६ टक्के दिसतं. आणि साडेतीन टक्के व्होल्टेज अनबॅलन्सला तापमानाची वाढ सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होते.

साइटवर मोजायची सोपी रीत: तीन करंट घ्या, समजा १४, १३.५ आणि ११.५. सरासरी १३. सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा ११.५, फरक १.५, म्हणजे अनबॅलन्स ११.५ टक्के. रिले सरासरीने मोजतो की नेगेटिव्ह सिक्वेन्सने हे मॅन्युअलमध्ये बघा, दोन्हींचे टक्के एकसारखे येत नाहीत. सुरुवातीला १०-१५ टक्क्याला अलार्म आणि २०-२५ ला काही सेकंदांच्या डिलेने ट्रिप हे चालतं, मग साइटचा सप्लाय बघून आत आणायचं. अलार्म आला तर मोटरच्या तीन लीड एका घराने पुढे सरकवून परत मोजा (तिन्ही सरकवल्या तर दिशा बदलत नाही). कमी करंटचा फेज सप्लायच्या त्याच फेजला चिकटून राहिला तर दोष सप्लायचा, लीडबरोबर फिरला तर मोटरचा.

टोकाची अवस्था म्हणजे सिंगल फेजिंग, एक फेजच गेला. गावाकडे डीओ (खांबावरचा ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला, इथे एखादा फ्यूज गेला किंवा काँटॅक्टरचा एक काँटॅक्ट जळला. फिरती मोटर दोन फेजवर फिरत राहते, उरलेल्या दोन लाइनचा करंट तेवढ्याच लोडला साधारण १.७३ पट होतो. फुल लोडवर असेल तर ओव्हरलोडलाही ते पकडता येतं. पण लोड ५० टक्के असेल तर १.७३ पट होऊनही करंट सेटिंगच्या खालीच, बायमेटलला काही कळत नाही. आणि डेल्टा मोटरमध्ये त्या दोन लाइनच्या मधलं जे एक वाइंडिंग आहे ते एकटं लाइन करंटचा दोन-तृतीयांश हिस्सा घेतं, बाकी दोघं एक-तृतीयांशावर. मोटर उघडल्यावर एकाच फेजची कॉइल काळी आणि बाकी दोन पिवळीधमक दिसल्या की रिवाइंडिंगवाला न विचारताच सांगतो काय झालं ते.

म्हणून बायमेटल घेताना फेज-लॉस सेन्सिटिव्ह असलेलाच घ्या: एक फेज शून्य असेल तर बाकी दोनमध्ये १.१५ पटीलाच तो दोन तासांच्या आत उडायला पाहिजे. शेतीपंपाच्या पॅनलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो, तो हेच काम सेकंदांत करतो. फक्त एक बघा, काही प्रिव्हेंटर व्होल्टेज बघतात आणि काही करंट. फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, त्यामुळे व्होल्टेजवाला फसू शकतो, शिवाय त्याच्या पुढे, मोटरच्या बाजूला तुटलेली वायर त्याला दिसतच नाही. करंट बघणारा घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

स्टॉल, जॅम आणि लाँग स्टार्ट

तिन्ही शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात, पण वेळ वेगळी आहे. स्टॉल किंवा लॉक्ड रोटर (५१एलआर) म्हणजे स्टार्ट दिला आणि रोटर फिरलाच नाही. लाँग स्टार्ट (४८) म्हणजे फिरला, पण ठरलेल्या सेकंदांत वेग पकडला नाही. जॅम म्हणजे व्यवस्थित चालू असताना मध्येच अडकला.

सहापट करंट म्हणजे छत्तीसपट उष्णता, आणि रोटर उभा असल्यामुळे पंखाही फिरत नाही. म्हणून स्टॉलचा टाइमर स्टार्ट टाइमच्या वर आणि हॉट सेफ स्टॉल टाइमच्या खाली बसवायचा. स्टार्ट ६ सेकंद आणि हॉट स्टॉल १० सेकंद असेल तर ८ ठेवा. अडचण येते ती आयडी फॅनसारख्या (बॉयलरचा धूर ओढणारा मोठा पंखा) जड लोडला, तिथे स्टार्ट टाइमच स्टॉल टाइमपेक्षा मोठा असतो. करंट बघून रिलेला कळणार नाही की रोटर हळूहळू वेग घेतोय की उभाच आहे. तिथे शाफ्टवर स्पीड स्विच बसवून त्याचा काँटॅक्ट रिलेच्या डिजिटल इनपुटला द्यायला लागतो, दुसरा स्वस्त मार्ग नाही.

जॅमचं उत्तम उदाहरण साखर कारखान्यातला ऊस कॅरिअर. चेन अडकली, करंट दुप्पट-अडीचपट झाला, मोटर त्यात लगेच जळत नाही, थर्मलला ट्रिप द्यायला बराच वेळ लागतो, पण तेवढ्यात गिअरबॉक्स किंवा चेन तुटते आणि सीझनच्या मध्यात गाळप थांबतं. जॅम दुप्पट करंटला २ सेकंदांच्या आसपास ठेवला तर मशिनरी वाचते. हे फंक्शन स्टार्टच्या वेळी आपोआप बंद असतं, स्टार्ट संपला असं रिलेने ठरवल्यावरच जागं होतं, म्हणून स्टार्ट टाइम नीट टाकलेला पाहिजे.

शॉर्ट सर्किट (५०): कुणी तोडायचं ते आधी ठरवा

५० म्हणजे इन्स्टंटेनियस, डिले नाही. सेटिंग लॉक्ड रोटर करंटच्या सव्वा ते दीडपट धरतात, कारण स्टार्टच्या पहिल्या एक-दोन सायकलला करंट एका बाजूला कलून आणखी उंच जातो. आपल्या २७ च्या मोटरला सहापट म्हणजे १६२, त्याच्या दीडपट २४० च्या आसपास. स्टार-डेल्टा आहे म्हणून स्टारचा दुप्पट करंट बघून हे खाली आणू नका, स्टारमधून डेल्टात जाताना क्षणभर जो झटका येतो तो डीओएल (थेट पूर्ण व्होल्टेजच्या) स्टार्टसारखाच असू शकतो.

पण मुळात प्रश्न हा की ट्रिप झाल्यावर तोडणार कोण. ब्रेकर असेल तर ५० जरूर चालू ठेवा. काँटॅक्टर असेल तर सांभाळून. एसी-३ ड्यूटीचा (नेहमीच्या मोटरच्या चालू-बंदसाठीचा) काँटॅक्टर त्याच्या रेटिंगच्या आठपट करंट तोडायला टेस्ट केलेला असतो, शॉर्ट सर्किटचे हजारो ॲम्पिअर तोडायला गेला तर काँटॅक्ट वितळतात, कधीकधी काँटॅक्टरच फुटतो. तिथे शॉर्ट सर्किट फ्यूजने किंवा एमसीसीबीने (मोल्डेड केस ब्रेकरने) तोडायचं आणि रिलेचं ५० काँटॅक्टरवर देऊ नये. हा एक मुद्दा पॅनल बनवणारेही विसरतात.

अर्थ फॉल्ट (५०एन, ५०जी) आणि सीबीसीटी

दोन पद्धती. तीन सीटींची (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट ठरलेल्या प्रमाणात लहान करून रिलेला देतात) बेरीज करून अर्थ फॉल्ट काढायचा, याला रेसिड्युअल म्हणतात, आणि तो एफएलसीच्या १० ते २० टक्क्यांच्या खाली नेला तर स्टार्टला उगाच ट्रिप येतं, कारण स्टार्टच्या झटक्यात तिन्ही सीटी सारख्या वागत नाहीत. थोडा डिले द्यायला लागतो. दुसरी पद्धत सीबीसीटी, कोअर बॅलन्स सीटी, एकाच मोठ्या रिंगमधून तिन्ही फेज. ही खूप कमी करंटही पकडते.

सीबीसीटी बसवताना बघायची गोष्ट म्हणजे आर्मर, केबलवरचं धातूचं कवच. फेजच्या तारांबरोबर आर्मरची किंवा स्क्रीनची अर्थ वायर रिंगमधून वर गेली असेल तर फॉल्टचा करंट जाताना आणि येताना दोन्ही वेळा रिंगमधूनच जातो, बेरीज शून्य, रिले आंधळा. ती अर्थ वायर परत रिंगमधून खाली आणून मग अर्थ बसला जोडायची. सीबीसीटी आहे पण कधी ट्रिपच आला नाही असं कुणी अभिमानाने सांगितलं तर आधी ही वायर बघा.

उरलेले, पटापट

अंडरकरंट (३७) पंपाचं ड्राय रन पकडतं. पाणी गेलं की करंट पडतो, सबमर्सिबलला थंड करणारं आणि बेअरिंगला ओलं ठेवणारं पाणीच नसतं. नेहमीच्या रनिंग करंटच्या (नेमप्लेटच्या नव्हे) १५-२० टक्के खाली ठेवा, काही सेकंदांचा डिले, आणि बोअरवेलला रिस्टार्ट डिले चांगला लांब, म्हणजे पाणी भरायला वेळ मिळेल.

अंडरव्होल्टेज (२७) साधारण ८० टक्क्याला दोन-तीन सेकंदांनी. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, ८० टक्क्याला टॉर्क ६४ टक्केच. फेज सिक्वेन्स (४७) केबलचं काम झालं किंवा डीजी (डिझेल जनरेटर) बदलला की कामाला येतं, उलटा फिरलेला पंप थोडं पाणी देतोच, त्यामुळे लवकर लक्षात येत नाही. स्टार्ट्स पर अवर (६६): मोठ्या मोटरला थंड असताना लागोपाठ दोन, गरम असताना एक, यापेक्षा जास्त हवे असतील तर डेटाशीट बघून. डिफरेन्शिअल (८७एम) मोठ्या एचटी (हाय टेन्शन) मोटरचं काम. ८६ म्हणजे लॉकआऊट, हाताने रिसेट केल्याशिवाय स्टार्ट नाही.

वाइंडिंगमधले सेन्सर दोन तऱ्हेचे. आरटीडी, म्हणजे पीटी१००, शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला १३८.५, तापमानाचा आकडा देतो. पीटीसी थर्मिस्टर आकडा देत नाही, ठरलेल्या तापमानाला त्याचा रेझिस्टन्स एकदम उडी मारतो, तेवढंच. पीटीसीला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावू नका, मल्टिमीटरनेच तपासा. आणि सेन्सर आहे म्हणून स्टॉल प्रोटेक्शन काढू नका, सेन्सर स्टेटरमध्ये असतो, स्टॉलला तापतो रोटर. व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) कमी स्पीडला चालणाऱ्या मोटरला मात्र पीटीसी हवाच, पंखा हळू झाल्याचं करंटवरून कळत नाही.

चालू करायच्या आधी

सीटी रेशो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. सीटी १००/५ ची आहे आणि रिलेत ५०/५ टाकलंय, तर २७ ॲम्पिअरला रिले १३.५ दाखवणार आणि दुप्पट ओव्हरलोडलाही गप्प बसणार. उलटं झालं तर सुरू होताच ट्रिप. लहान मोटरला मोठ्या सीटीतून केबल दोनदा फिरवली असेल तर रेशो निम्मा होतो, तो धरून टाका. सीटीवर ५पी१० लिहिलंय म्हणजे रेटेड करंटच्या दहापटीपर्यंत एरर ५ टक्क्यांच्या आत, प्रोटेक्शनला अशी पाहिजे, मीटरिंगची ०.५ क्लासची नको. आणि मोटर चालू असताना सीटीची सेकंडरी कधीच उघडायची नाही, जीव जाण्याइतकं व्होल्टेज येतं, आधी शॉर्टिंग लिंक लावायची.

मोटर लोडवर चालवून टाँग टेस्टरचे तीन आकडे आणि डिस्प्लेवरचे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. जुळले की पिकअप तपासा: सेटिंग तात्पुरतं रनिंग करंटच्या खाली आणून ट्रिप खरंच काँटॅक्टर पाडतो का ते बघा, मग परत जागेवर. टेस्ट बटण नुसता काँटॅक्ट हलवतं, सीटीपासूनचा रस्ता तपासत नाही. सेकंडरी इंजेक्शन किट (रिलेला थेट करंट देऊन तपासायचं यंत्र) मिळालं तर दुप्पट आणि सहापट करंटला वेळ मोजून कर्व्हशी ताडा. सगळी सेटिंग एका कागदावर, तारखेसकट, पॅनलच्या दाराच्या आतून चिकटवा.

ट्रिप आल्यावर

रिसेटला हात लावायच्या आधी डिस्प्लेचा फोटो काढा. ट्रिपचं कारण, त्या क्षणाचे तीन फेजचे करंट, अर्थ करंट, थर्मल टक्के, हे सगळं ट्रिप रेकॉर्डमध्ये असतं. तिन्ही करंट सारखे आणि जास्त असतील तर मशीनकडे जा, बेअरिंग, बेल्ट, व्हॉल्व्ह. दोनच असतील तर फ्यूज, काँटॅक्टचे टिप, लग. अर्थ फॉल्ट असेल तर स्टार्ट देऊन बघायचा मोह आवरा, मोटरच्या लीड सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने बघा, ४१५ व्होल्टच्या मोटरला ५ मेगाओहमच्या खाली आलं तर आधी सुकवा. मेगर मारताना रिले, सॉफ्ट स्टार्टर आणि पीटीसीच्या वायर बाजूला काढलेल्या पाहिजेत.

आणि रेकॉर्डमध्ये काहीच सापडलं नाही, रिलेने ट्रिप दिलाच नाही, तरी काँटॅक्टर पडला असेल, तर रिलेला दोष देण्याआधी कंट्रोल सप्लाय बघा. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज, ढिला झालेला ए१-ए२ (काँटॅक्टरच्या कॉइलची टर्मिनल) चा स्क्रू, दाराच्या बिजागरीपाशी तुटलेली वायर, नाहीतर मशीनच्या त्या टोकाला कुणीतरी दाबून ठेवलेलं इमर्जन्सी बटण.